गोल्फची शिडी उभी राहिली. पहिली पायरी कुठे?

नाशिक : शहरातील हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाचे नाव रिक्षावाल्याला सांगितले तर तो क्षणभर थबकतो. 'गोल्फ क्लब' म्हटले की मीटर लगेच खाली पडतो. ब्रिटिश अमदानीत साहेब लोक ज्या माळावर गोल्फ खेळत, तेथे आज महाराष्ट्राच्या रणजी संघाचे सामने होतात, राजकीय पक्षांच्या सभा गाजतात आणि पहाटेपासून जॉगिंग ट्रॅकवर नाशिककरांची वर्दळ सुरू होते. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्यावर २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात गोळ्या झाडणाऱ्या अनंत कान्हेरे यांचे नाव या मैदानाला मिळाले, हा इतिहासाने उगवलेला सूडच म्हणावा लागेल. साहेब गेला, त्याचा खेळही गेला. लोकांच्या तोंडी मात्र खेळाचे नाव राहिले.

हा खेळ नाशिकमधून गेला, तरी देशातून गेलेला नाही. उलट गेल्या वीस वर्षांत भारतीय व्यावसायिक गोल्फने बरीच मोठी मजल मारली आहे. देशांतर्गत स्पर्धांच्या साखळीतून थेट युरोपच्या सर्वोच्च साखळीत पोहोचण्याचा रस्ता आता कागदावर आखलेला आहे आणि त्या रस्त्याने काही खेळाडू प्रत्यक्ष गेलेही आहेत. प्रश्न उरतो तो रस्त्याच्या अलीकडच्या टोकाचा. नाशिकसारख्या शहरातील सामान्य घरातल्या मुलाला या रस्त्यावर पहिले पाऊल ठेवता येईल काय?

साखळीची रचना

व्यावसायिक गोल्फची रचना क्रिकेटहून अगदी निराळी आहे. येथे निवड समिती नाही, संघ नाही आणि मासिक वेतनही नाही. खेळाडू स्वतःच्या खर्चाने स्पर्धेला जातो, चार दिवस खेळतो आणि क्रमांकानुसार बक्षिसाची रक्कम घेतो. पहिल्या दोन दिवसांनंतर साधारण वरचे पन्नास खेळाडू पुढे खेळतात. उरलेले घरी परततात. याला 'कट' म्हणतात. कट हुकला की पदरात एक रुपयाही पडत नाही. प्रवास, मुक्काम, कॅडीची मजुरी आणि प्रवेश शुल्क मात्र खिशातूनच जाते.

अशा स्पर्धांची वर्षभराची साखळी म्हणजे 'टूर'. त्या साखळीत खेळण्याचा हक्क म्हणजे 'कार्ड'. कार्ड मिळवण्यासाठी पात्रता स्पर्धेतून जावे लागते आणि ते टिकवण्यासाठी वर्षअखेर कमाईच्या यादीत ठरावीक क्रमांकाच्या आत राहावे लागते. या यादीला 'ऑर्डर ऑफ मेरिट' असे नाव आहे. थोडक्यात, गोल्फपटूची नोकरी दरवर्षी नव्याने पणाला लागते.

जगभर या साखळ्या उतरंडीसारख्या रचलेल्या आहेत. अमेरिकेत १९९० मध्ये बेन होगन यांच्या नावाने दुय्यम साखळी सुरू झाली. प्रायोजक बदलत गेले तशी तिची नावेही बदलली. २०१९ पासून ती 'कॉर्न फेरी टूर' म्हणून ओळखली जाते. त्याच वर्षी या दुय्यम साखळीच्या गुणतक्त्यात पहिला आलेला स्कॉटी शेफलर पुढे जागतिक क्रमवारीत अव्वल झाला. युरोपात 'चॅलेंज टूर' या नावाने ओळखली गेलेली साखळी हेच काम करते. आशियात २०१० पासून 'एशियन डेव्हलपमेंट टूर' आहे. या सर्वांचे सूत्र एकच आहे. खालच्या साखळीत वर्षभर सातत्य दाखवा आणि वरच्या साखळीचे कार्ड घ्या.

भारतातील वाट

भारतात हे काम 'प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया' म्हणजेच पीजीटीआय २००६ पासून करीत आहे. तिची स्थापना होण्यापूर्वीही देशात व्यावसायिक स्पर्धा होत असत. तथापि खेळाडूंची स्वतःची संघटना आणि तिने चालवलेली साखळी हे रूप त्यानंतरचे. सुरुवातीच्या काळात तीस ते पन्नास लाख रुपयांच्या एकूण बक्षिसाची स्पर्धा मोठी मानली जाई. अलीकडच्या वर्षांत एक कोटीची स्पर्धा ही नेहमीची बाब झाली. त्यातील सुमारे पंधरा लाख विजेत्याकडे जातात. पीजीटीआयच्या मुख्य स्पर्धांतून जागतिक क्रमवारीचे गुणही मिळतात आणि ते पैशाहून मोलाचे ठरू शकतात.

पुणेस्थित उदयन माने हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण. २०१९ च्या अखेरीस आणि २०२० च्या प्रारंभी त्याने देशांतर्गत साखळीत एकापाठोपाठ विजेतेपदे पटकावली. पुढे कोरोनाने स्पर्धाच थांबवल्या. ऑलिंपिकमध्ये जागतिक क्रमवारीच्या आधारे केवळ साठ पुरुष गोल्फपटूंना प्रवेश असतो. माने राखीव यादीत होता. अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोने माघार घेतली आणि टोकियोचे दार मानेसाठी उघडले. तेथे तो ५६ वा आला. निकाल साधारण असला तरी त्याचा अर्थ मोठा होता. प्रामुख्याने देशातच खेळून जमवलेल्या गुणांच्या बळावर एक खेळाडू ऑलिंपिकपर्यंत पोहोचू शकतो, हे त्यातून सिद्ध झाले.

त्यापुढचा टप्पा २०२२ मध्ये आला. युरोपची सर्वोच्च साखळी, म्हणजे आताची 'डीपी वर्ल्ड टूर', आणि अमेरिकेची 'पीजीए टूर' यांच्याशी पीजीटीआयने भागीदारी केली. त्यानुसार पीजीटीआयच्या ऑर्डर ऑफ मेरिटमध्ये पहिला येणाऱ्या खेळाडूला पुढील हंगामासाठी डीपी वर्ल्ड टूरचे कार्ड मिळू लागले. २०२२ चा अव्वल खेळाडू मनू गंडास हा त्याचा पहिला मानकरी. २०२३ मध्ये महूचा ओमप्रकाश चौहान आणि २०२४ मध्ये गुरुग्रामचा वीर अहलावत यांनी हा मान मिळवला. शिडी तेथेच संपत नाही. डीपी वर्ल्ड टूरच्या वार्षिक यादीतून, अन्यथा पात्र नसलेल्या दहा खेळाडूंना २०२३ च्या हंगामापासून थेट अमेरिकेच्या पीजीए टूरचे कार्ड मिळते. याच भागीदारीच्या काळात युरोपच्या चॅलेंज टूरच्या स्पर्धाही भारतात येऊ लागल्या. २०२३ मध्ये त्या बंगळुरूत झाल्या.

जीव मिल्खासिंगने १९९७-९८ च्या सुमारास युरोपचे कार्ड मिळवले, तेव्हा त्याला परदेशातील पात्रता स्पर्धेच्या चाळणीतून जावे लागले होते. त्या पिढीला वाट स्वतः पाडावी लागली. आजच्या खेळाडूला ती आखून मिळाली आहे. या फरकाचे श्रेय देशांतर्गत साखळीला द्यावेच लागेल.

वर गेल्यावर टिकायचे कसे?

कार्ड मिळणे आणि टिकणे यांत मात्र मोठे अंतर आहे. गंडास आणि चौहान या दोघांनाही युरोपातील पहिलाच हंगाम जड गेला. दर आठवड्याला नवा देश, नवे हवामान, निराळे गवत आणि वाऱ्याची निराळी तऱ्हा. पीजीटीआयच्या स्पर्धा बहुतांशी सपाट, झाडीने वेढलेल्या आणि तुलनेने आखूड मैदानांवर होतात. युरोपातील मैदाने लांब असतात, तेथील हिरवळीचा वेग अधिक असतो. शिवाय एक कोटी रुपयांच्या स्पर्धेतून वीस लाख डॉलरच्या घरातील स्पर्धेत उडी घेताना मधली पायरीच गाळली जाते. पहिला क्रमांक थेट वर जातो. दुसऱ्यापासून दहाव्यापर्यंतच्या खेळाडूंना मात्र पुन्हा पात्रता स्पर्धांच्या रांगेत उभे राहावे लागते.

शुभंकर शर्माची वाटचाल या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. लष्करी अधिकाऱ्याच्या या मुलाने २०१४ मध्ये कोचीन मास्टर्स जिंकली, तेव्हा तो जेमतेम सतरा वर्षांचा होता. त्यानंतर काही वर्षे देशात आणि आशियात मुरल्यावर डिसेंबर २०१७ मध्ये त्याने जोबर्ग ओपन आणि २०१८ च्या प्रारंभी मलेशियातील मेबँक स्पर्धा जिंकून युरोपात पाय रोवले. २०२३ च्या ब्रिटिश ओपनमध्ये तो संयुक्त आठवा आला. अनिर्बन लाहिरीही देशांतर्गत आणि आशियाई साखळीत वर्षानुवर्षे खेळून २०१५ मध्ये अमेरिकेच्या कार्डापर्यंत पोहोचला. दोघांनीही पायऱ्या गाळल्या नाहीत. विकासाच्या साखळीचे खरे काम विजेता निवडणे एवढेच नसून पहिल्या वीस-पंचवीस जणांना पुढच्या पातळीसाठी घडवणे हे आहे, असा याचा अर्थ होतो.

त्यात २०२५ मध्ये आणखी एक गुंता निर्माण झाला. 'इंडियन गोल्फ प्रीमियर लीग' ही नवी साखळी सुरू झाली आणि गगनजीत भुल्लरसह काही नामवंत खेळाडू तिकडे गेले. नव्या साखळीने एशियन टूरशी हातमिळवणी केली, तर पीजीटीआय युरोप-अमेरिकेच्या बाजूला उभी आहे. कपिलदेव यांनी २०२४ मध्ये पीजीटीआयचे अध्यक्षपद स्वीकारल्यानंतर वर्षभरातच ही फूट पडली. स्पर्धा वाढल्या की खेळाडूंचे उत्पन्न वाढते, हे खरे. तथापि प्रायोजकांची संख्या मर्यादित असलेल्या देशात दोन साखळ्या एकमेकींचे पाय ओढू लागल्या, तर सर्वाधिक फटका यादीत साठाव्या-सत्तराव्या क्रमांकावर असलेल्या खेळाडूला बसेल. वरच्या दहांना दोन्हीकडून आमंत्रण असते. त्याला कुणाकडूनही नसते.

महू आणि देवळाली

शिडीच्या वरच्या टोकाची चर्चा क्रीडा पानांवर होत राहते. खालच्या टोकाची मात्र क्वचितच होते. तेथे नाशिककरांनी पाहण्याजोगे एक गाव आहे. मुंबई-आग्रा महामार्गाने धुळे, सेंधवा ओलांडून इंदूरकडे निघाले की वाटेत महू लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जन्मस्थान म्हणून मराठी माणूस हे गाव ओळखतो. भारतीय गोल्फ मात्र या छावणीला आणखी एका कारणाने ओळखतो.

महूच्या मुकेशकुमारने देशांतर्गत स्पर्धांत विजयांचा डोंगर उभा केला आणि २०१६ मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी, दिल्लीत पॅनासोनिक ओपन जिंकून एशियन टूरवर पहिले विजेतेपद मिळवणारा सर्वांत वयस्क खेळाडू होण्याचा मान पटकावला. सात वर्षांनी त्याच गावचा ओमप्रकाश चौहान देशात पहिला आला आणि युरोपच्या कार्डाचा मानकरी ठरला. इंदूरजवळच्या एका छोट्या छावणीने दोन पिढ्यांत दोन अव्वल खेळाडू द्यावेत, हा योगायोग नव्हे. गावात मैदान होते, मैदानावर काम होते आणि समोर उदाहरण होते.

हीच कथा इतरत्रही आढळते. एसएसपी चौरसियाचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये हिरवळीची निगा राखत. तेथेच वाढलेल्या या मुलाने २००८ मध्ये इंडियन मास्टर्स आणि पुढे २०१६ व २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे इंडियन ओपन जिंकली. दिल्लीचा अशोककुमार आणि कोलकात्याचा शंकर दास हे कॅडी म्हणून आले आणि खेळाडू झाले. बंगळुरूजवळच्या ईगलटन रिसॉर्टलगतच्या खेड्यातून चिक्करंगप्पा आला. भारतीय व्यावसायिक गोल्फची पाळेमुळे पाहिली तर ती क्लबच्या सभासद यादीत जेवढी आहेत, तेवढीच कॅडींच्या बाकावरही आहेत. श्रीमंतांचा खेळ म्हणून ज्याची ओळख आहे, त्याचे अनेक विजेते मैदानाच्या कुंपणाला लागून असलेल्या वस्तीतून आले.

नाशिकलाही महूसारखीच छावणी आहे. देवळाली हे तोफखान्याचे जुने केंद्र. तेथे लष्कराचे गोल्फ मैदान आहे. महामार्ग तोच, छावणीची परंपरा तीच, हवामान तर महूहूनही अनुकूल. तरीही व्यावसायिक गोल्फच्या नकाशावर नाशिकचे नाव ठळक झालेले नाही. लष्करी मैदानाचे पहिले प्रयोजन लष्करी अधिकाऱ्यांसाठी असणार, याबद्दल तक्रार करता येणार नाही. प्रश्न शहराचा आहे. वीस लाखांच्या घरात लोकवस्ती पोहोचलेल्या शहरात सर्वसामान्य मुलाला चेंडू मारून पाहता येईल असे सार्वजनिक ठिकाण असावे की नाही, हा तो प्रश्न.

नाशिकला खेळाडूंची वाण नाही

या जिल्ह्यात गुणवत्ता नाही, असे कुणी म्हणू शकणार नाही. सावरपाड्याची कविता राऊत डांबरी रस्त्यावर आणि मातीच्या पायवाटेवर धावत राष्ट्रकुल स्पर्धेच्या पदकापर्यंत गेली. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ लष्करात गेल्यावर वल्हे हाती धरतो आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला एकेरी नौकानयनात तेरावा येतो. विदित गुजराथी २०१३ मध्ये ग्रँडमास्टर होतो, २०२४ मध्ये कँडिडेट्स स्पर्धेत खेळतो आणि त्याच वर्षी बुडापेस्टला ऑलिंपियाडचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात असतो.

या तिघांच्या कथेत एक समान धागा आहे. पहिली पायरी त्यांच्या आवाक्यात होती. धावायला रस्ता लागतो. बुद्धिबळाला पट आणि मार्गदर्शक. नौकानयनासारख्या महागड्या खेळात ती पायरी लष्कराने पुरवली. बुद्धिबळाची शिडी तर आदर्शच म्हणावी लागेल. गुणांकन, नॉर्म, किताब असा प्रत्येक टप्पा स्पष्ट आहे आणि गावातल्या स्पर्धेतूनही गुणांकन मिळू शकते. गोल्फची वरची शिडी आता बुद्धिबळाइतकीच स्पष्ट झाली आहे. खाली मात्र जमीन आणि शिडी यांच्यात माणूसभर उंचीचे अंतर आहे.

ते अंतर कशाचे आहे, हेही पाहिले पाहिजे. अठरा होलच्या मैदानाला शंभर एकरांहून अधिक जमीन आणि भरपूर पाणी लागते. दुष्काळ अनुभवलेल्या महाराष्ट्रात, आणि गंगापूर धरणाच्या पाण्यावरून दरवर्षी वाद झडणाऱ्या नाशिकमध्ये, गोल्फसाठी पाणी मागणे सोपे नाही आणि ते सोपे असूही नये. पिण्याच्या पाण्याला आणि शेतीला आधी हक्क आहे. म्हणूनच या विषयाकडे 'आणखी एक क्लब' या नजरेने पाहून चालणार नाही.

खारघरचा धडा

पर्याय नाहीत असे नव्हे. दिल्ली विकास प्राधिकरणाने २००० मध्ये लाडोसराय येथे कुतुबमिनारच्या परिसरात सार्वजनिक गोल्फ मैदान सुरू केले. सभासदत्वाची पिढीजात प्रतीक्षा यादी न धरता, शुल्क भरून कुणीही तेथे खेळू शकतो. महाराष्ट्रात सिडकोने २०१२ मध्ये खारघरच्या डोंगरकुशीत असेच मैदान खुले केले. ज्या सिडकोने नवे नाशिक वसवले, त्याच सिडकोचे हे काम आहे, ही गोष्ट नाशिककरांनी लक्षात ठेवण्याजोगी. सार्वजनिक मैदानाचे शुल्कही गरिबाला परवडेलच असे नाही, ही त्याची मर्यादा. तरीही दाराला सभासदत्वाचे कुलूप नसणे ही सुरुवात ठरते.

सुरुवातीला संपूर्ण मैदानाचीही गरज नाही. चेंडू मारण्याचा सराव करता येईल अशी रेंज आणि छोट्या फटक्यांसाठी दोन-चार हिरवळी एवढ्यावर मुलांना खेळाची ओळख होते. प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर हिरवळ जोपासण्याची पद्धत देशातील अनेक मैदानांनी स्वीकारली आहे. नाशिक महापालिका मलजल शुद्धीकरण केंद्रांतून दररोज मोठ्या प्रमाणावर पाणी शुद्ध करते. त्याचा एक अंश अशा कामी लावता येईल काय, याचा विचार व्हायला हरकत नाही. देवळालीच्या मैदानावर आठवड्यातील एखादी सकाळ शालेय मुलांसाठी मिळावी, अशी विनंती जिल्हा क्रीडा यंत्रणेने लष्कराकडे करणे हेही अशक्य कोटीतील नाही.

पीजीटीआयचीही जबाबदारी आहे. पूर्वी तिने 'फीडर टूर' चालवली. अलीकडे 'नेक्सजेन' या नावाने तरुणांसाठी दुय्यम साखळी सुरू केली आहे. हे पाऊल योग्य आहे. मात्र दुय्यम साखळीचेही सामने त्याच महानगरांत आणि त्याच क्लबांत होणार असतील, तर तिचा उपयोग मुख्य साखळीतून घसरलेल्यांना सावरण्यापुरता मर्यादित राहील. विकासाची साखळी ही नव्या प्रदेशात शिरली तरच नवे खेळाडू आणते. महू, देवळाली, अहिल्यानगर, कामठी अशा छावण्यांच्या गावांतून कॅडी आणि स्थानिक मुलांसाठी पात्रता फेऱ्या घेतल्या, त्यांना प्रवेश शुल्कात सवलत दिली, तर आणखी एखादा मुकेशकुमार सापडण्याची शक्यता वाढेल.

हिशेब

गोल्फला एवढे महत्त्व का द्यावे, असा प्रश्न कुणी विचारील आणि तो रास्त आहे. नाशिकमध्ये मुलांना खेळायला साधी मैदाने अपुरी आहेत. शाळांची पटांगणे आक्रसत आहेत. अशा वेळी गोल्फची मागणी पुढे रेटणे म्हणजे भाकरी नसताना श्रीखंडाची चर्चा करण्यासारखे आहे, असे वाटू शकते. परंतु या प्रश्नाला रोजगाराचीही बाजू आहे. एका मैदानावर माळी, कॅडी, यंत्रचालक, प्रशिक्षक अशा अनेकांची घरे चालतात आणि आतापर्यंतचा अनुभव असा की, याच घरांतून पुढे विजेते निघाले. शिवाय हा खेळ चाळिशीनंतरही पोट भरू देतो. मुकेशकुमारने ते ५१ व्या वर्षी दाखवून दिले. क्रिकेटमध्ये तिशी उलटलेल्या आणि निवड न झालेल्या खेळाडूच्या नशिबी ते नसते.

दुसरी बाजूही तितकीच ठामपणे सांगितली पाहिजे. एका स्पर्धेत सव्वाशेच्या घरात खेळाडू उतरतात आणि त्यातील निम्म्याहून अधिक रिकाम्या हाताने परततात. घरची ऐपत किंवा कुणाचे पाठबळ नसेल, तर दोन हंगामांत कर्ज उभे राहते. म्हणून मुलाला या वाटेवर आणताना शिक्षण सोडू नये, हा सल्ला देणे प्रशिक्षकांचे कर्तव्य ठरते. साखळीने विजेत्याचा धनादेश मोठा करण्याबरोबरच कट हुकलेल्या नवोदिताला किमान प्रवासखर्च देण्याचा विचार केला, तर अनेक जण एक हंगाम अधिक तग धरतील. खेळात असा एक हंगामही निर्णायक ठरू शकतो.

भारतीय गोल्फने अर्धे काम केले आहे. गुरुग्राम, महू, पुणे येथील खेळाडूला युरोप-अमेरिकेपर्यंतची वाट आता माहीत आहे. उरलेले अर्धे काम दिल्लीतील संघटनेच्या कचेरीतून होणार नाही. ते महापालिका, छावणी, शाळा आणि स्थानिक क्लब यांना मिळून करावे लागेल. नाशिकमध्ये रिक्षावाला आजही 'गोल्फ क्लब' म्हटले की नेमक्या जागी सोडतो. तेथे उतरणाऱ्या मुलांपैकी किती जणांनी आयुष्यात एकदा तरी गोल्फचा चेंडू हातात घेतला असेल? या प्रश्नाचे उत्तर बदलेल, तेव्हाच शिडीची पहिली पायरी बसली असे म्हणता येईल.